तारण सोडवणारा

सोनेतारणाच्या खिडकीमागे मी एकोणतीस वर्षं बसले. नगरमधली एक पतसंस्था, रस्त्याला लागून शाखा आणि पलीकडच्या अंगाला आमच्या मंडळीचं मंदिर. ‘मंडळी’ हा आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांचा चर्चसाठीचा जुना शब्द. मंदिराच्या कमानीवर निळ्या रंगात ‘येशू तारणारा’ असं लिहिलेलं आहे. शाखेच्या पायरीवरून ते सरळ दिसतं.

एका जूनमध्ये, पेरणीच्या तोंडावर, नेवाशाकडची एक म्हातारी डोरलं ठेवायला आली. सोनाराने डोरलं कसोटीच्या दगडावर घासलं, ॲसिडचा थेंब टाकला, वजन करून आतली लाख वजा केली. मी पावती लिहीत होते. तेवढ्यात तिने बाहेर बोट दाखवून विचारलं, “बाई, तुमच्या देवळावर तारणारा लिवलंय. त्याच्याकडं काय तारण ठेवावं लागतं?”

तिने अगदी मनापासून विचारलं होतं. तिच्या लेखी तारण म्हणजे अडचणीच्या वेळी गळ्यातून उतरतं आणि लोखंडी कपाटात जाऊन बसतं ते. मागे रांगेत आठ-दहा माणसं होती. “तसं काही नसतं, आजी,” एवढंच म्हणून मी पावती पुढे सरकवली. पण त्या रात्री मला लवकर झोप लागली नाही. लहानपणी रविवारच्या शाळेत घोकलेला शब्द आणि दिवसभर माझ्या हातांखालून जाणारा शब्द एकच आहे, हे मला नोकरीच्या अकराव्या वर्षी एका गिऱ्हाइकाने दाखवून दिलं होतं. निवृत्तीनंतर सवड मिळाली तेव्हा याच प्रश्नाच्या मागे लागून मी वाचत गेले. ‘येशूच्या बलिदानाने माझं तारण झालं’ असं ख्रिस्ती माणूस म्हणतो तेव्हा तो नेमकं काय म्हणतो, हे माझ्या ख्रिस्ती नसलेल्या मैत्रिणींनाही नीट कळावं, म्हणून हे लिहिते आहे.

ही गोष्ट वधस्तंभापासून सुरू होत नाही. ती शेतापासून सुरू होते. यहुदी लोकांच्या नियमशास्त्रात, लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात, हातची गेलेली जमीन परत कशी मिळवायची याचे नियम आहेत. भाऊबंदांपैकी कुणी कंगाल होऊन जमीन विकली, तर जवळच्या नातलगाने ती सोडवावी. तो स्वतःच विकला जाऊन परक्याच्या दारी राबत असेल, तर त्यालाही सोडवावं. अशा सोडवणाऱ्या नातलगाला हिब्रू भाषेत ‘गोएल’ म्हणतात. रूथच्या गोष्टीत हा व्यवहार डोळ्यांपुढे घडतो. बवाज नावाचा एक नातलग गावच्या वेशीत दहा वडीलधाऱ्यांना बसवतो आणि पहिला हक्क असलेल्या नातलगाला विचारतो, जमीन सोडवतोस का? तो आधी हो म्हणतो. जमिनीबरोबर परमुलखातून आलेल्या रूथ या विधवेची जबाबदारीही येते हे कळल्यावर आपल्या वतनाला धक्का लागेल म्हणून मागे सरतो आणि पायातलं पायताण काढून देतो. ती त्यांची सहीशिक्क्याची रीत. मग बवाज पुढे होतो. जामिनावर सही करताना पुढे असलेली माणसं हप्ते थकल्यावर कशी मागे सरतात हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की, तो पायताण काढून देणारा माणूस मला आमच्या शाखेतलाच वाटतो.

पुढे यशयासारखे संदेष्टे याच ‘गोएल’ शब्दाने देवाला हाक मारू लागले. गहाण पडलेल्या माणसाला सोडवायला येतो तो जवळचा नातलग, आणि देव तसा आहे, असं त्यांचं म्हणणं. माझ्या मते ख्रिस्ती तारणाची किल्ली या नात्यात आहे. ते नातं बाजूला ठेवून नुसत्या रक्ताबद्दल बोललं, तर ऐकणाऱ्याला भीती वाटते आणि ती वाटणं साहजिक आहे.

रक्ताबद्दल बोलायला हवंच. मिसर देशातून इस्राएली गुलाम सुटले त्या रात्री प्रत्येक घराने वर्षाचं, काही खोड नसलेलं कोकरू मारलं आणि त्याचं रक्त दाराच्या दोन्ही बाह्यांना आणि कपाळपट्टीला लावलं. तो वल्हांडण सण. वर्षातून एकदा प्रायश्चित्ताचा दिवस येई, तेव्हा दोन बकरे आणले जात. एक कापला जाई. दुसऱ्याच्या डोक्यावर मुख्य याजक दोन्ही हात ठेवून सगळ्या लोकांची पापं कबूल करी आणि त्या बकऱ्याला जिवंत रानात सोडून दिलं जाई. आपण मराठीत दुसऱ्याचा दोष माथी मारलेल्या माणसाला ‘बळीचा बकरा’ म्हणतो. लेवीय पुस्तकात मात्र दोष वाहून नेणारा बकरा मरत नाही. तो ओझं घेऊन गावाबाहेर चालत जातो.

आमच्या धंद्यात कर्जदाराची ऐपत आधी बघावी लागते, त्यामुळे त्याच पुस्तकातली आणखी एक गोष्ट माझ्या नजरेत भरली. पापार्पणासाठी मेंढरू परवडत नसेल तर दोन पाखरं चालतील. तीही झेपत नसतील तर थोडंसं सपीठ चालेल. सपिठात रक्ताचा थेंब नसतो, तरी ते स्वीकारलं जाई. येशूच्या जन्मानंतर त्याची आई मंदिरात गेली तेव्हा तिने गरिबांसाठी सांगितलेलं पाखरांचंच अर्पण आणलं होतं, असं लूकच्या शुभवर्तमानात आहे. रक्ताविषयी नियमशास्त्र सांगतं की रक्तात जीव असतो. वेदीवर पोचतो तो जीव; देवाला मरण बघण्याची भूक आहे, असा त्याचा अर्थ कुठेही दिलेला नाही.

माझ्या आजोबांना हे सगळं पुस्तकातून कळलेलं नव्हतं. आमचं मूळ घर नेवासे तालुक्यातल्या एका खेड्यातलं, मांगवाड्यातलं. अमेरिकन मराठी मिशनचे लोक नगरला 1831 साली आले आणि पुढे त्यांच्या शाळा खेड्यापाड्यांत गेल्या. तशाच एका शाळामास्तरामुळे आमचं घर ख्रिस्ती झालं. त्याआधी गावावर रोगराई आली की मरीआईला रेडा द्यायची रीत होती आणि तो कापण्याचं काम आमच्या घराकडे होतं. त्याला मान म्हणत. आजोबांनी ते काम पोरवयात एकदाच केलं, आजारी वडिलांच्या जागी. माझे वडील सांगायचे की आजोबा त्या रेड्याच्या डोळ्यांबद्दल म्हातारपणीही बोलायचे. सकाळभर त्याला गावातून मिरवलं होतं, बायकांनी पायांवर पाणी घातलं होतं आणि तो हाताने घातलेली वैरण शांतपणे खात होता. कापल्यावर रक्तात कालवलेला भात शिवेवर टाकायला आजोबांनाच पाठवलं. रात्री गावजेवणात मात्र ते बसले सगळ्यांत लांब, उकिरड्याच्या कडेला. गाव वाचवायला ज्याच्या हातांनी रक्त सांडलं, त्याच्या हातचं पाणी गावाला चालत नव्हतं.

शाळामास्तराने त्यांना बायबलमधल्या इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा अर्थ सांगितला. त्या पत्रात एक शब्द वारंवार येतो : ‘एकदाच’. याजक वर्षानुवर्षं तीच ती अर्पणं करत उभा राहतो, आणि ख्रिस्ताने एकदाच, स्वतःचंच अर्पण करून ते काम संपवलं. माझ्यासारख्या शिकलेल्या बाईला हा धर्मशास्त्रातला एक मुद्दा वाटतो. आजोबांना त्यातून वेगळंच कळलं. आता कुणाला कापावं लागणार नाही, आणि कापल्याबद्दल कुणाला लांब बसावं लागणार नाही. त्यांच्या तारणाची सुरुवात सुरा खाली ठेवण्याने झाली.

मुक्या जनावराच्या बळीविरुद्ध बोलणारे फक्त ख्रिस्ती होते असं कुणी समजू नये. गाडगेबाबा जत्राजत्रांतून खराटा घेऊन हिंडले आणि नवसाचे बोकड कापू नका म्हणून लोकांना कळवळून सांगत राहिले. यहुद्यांमध्येही होशेय आणि मीखा हे संदेष्टे येशूच्या सातशे वर्षं आधी लोकांना बजावत होते की, देवाला होमार्पणांपेक्षा दया आणि न्याय हवा. बलिदानाची रीत आणि त्या रीतीवरचा आक्षेप, दोन्ही एकाच पवित्र शास्त्रात शेजारी शेजारी आहेत. येशूला समजून घ्यायचं तर दोन्ही लागतात.

त्याचं मरण घडलं ते इसवी सन 30 च्या आसपास, वल्हांडण सणाच्या दिवसांत, यरुशलेमच्या वेशीबाहेर. पंतय पिलात तेव्हा रोमन सुभेदार होता. वधस्तंभ ही रोमनांची गुलामांसाठी आणि बंडखोरांसाठी राखून ठेवलेली शिक्षा, मुद्दाम चव्हाट्यावर द्यायची, पाहणाऱ्याला दहशत बसावी म्हणून. बहुतेक शिष्य पळून गेले, काही बायका तेवढ्या लांबून बघत उभ्या राहिल्या. त्या दुपारी कुणाला तिथे यज्ञ दिसला नसेल. एका भल्या माणसाचा खून दिसला असेल. तिसऱ्या दिवशी कबर रिकामी सापडली, तो जिवंत भेटला, अशी साक्ष तीच माणसं देऊ लागली आणि मग त्यांनी मागे वळून त्या शुक्रवारचा अर्थ लावला. तेव्हा त्यांच्या ओठांवर आपसूक आले ते घरातले जुने शब्द : वल्हांडणाचा कोकरा, प्रायश्चित्त, सोडवणूक. इसवी सन 70 मध्ये रोमन सैन्याने यरुशलेमचं मंदिर पाडलं आणि यहुद्यांचे पशुयज्ञ थांबले. यहुदी धर्म प्रार्थना, शास्त्राभ्यास आणि सत्कर्म या वाटेने पुढे गेला. ख्रिस्ती लोकांनी म्हटलं, आमचा शेवटचा यज्ञ होऊन गेला आहे.

येशूने आपल्या मरणासाठी स्वतः जो शब्द वापरल्याचं मार्कच्या शुभवर्तमानात आहे, त्याचं आमच्या मराठी पवित्र शास्त्रातलं भाषांतर ‘खंडणी’ असं आहे. आज हा शब्द वर्तमानपत्रात गुंडांच्या बातमीतच भेटतो. मूळ ग्रीक शब्द ‘लुत्रोन’, म्हणजे गुलामाला किंवा लढाईत धरलेल्या कैद्याला सोडवण्यासाठी भरलेली रक्कम. रक्कम भरली म्हटलं की माझ्यासारखी बाई लगेच विचारणार, जमा कुणाच्या खात्यावर झाली? हा प्रश्न चौथ्या शतकातल्या आचार्यांनीही विचारला होता. निस्साचे ग्रेगरी म्हणाले की ती सैतानाला दिली, कारण माणूस त्याच्या कैदेत होता. नाझियान्झसचे ग्रेगरी यांना हे सहन झालं नाही. चोराला देवाच्या जिवाएवढी किंमत मोजायची? मग पित्याला दिली म्हणावं, तर ज्याने अब्राहामाला त्याचा मुलगा इसहाक याचा बळी देऊ दिला नाही, तो स्वतःच्या पुत्राचं रक्त कशाला मागेल? या दुसऱ्या ग्रेगरींबद्दल मला फार आदर आहे. हिशेब जुळत नसताना त्यांनी तो ओढूनताणून जुळवला नाही.

मला स्वतःला थोडं उजेडात आणलं ते आमच्याच शाखेत घडलेल्या एका गोष्टीने. ज्यांनी ती केली ते शाखाधिकारी आता हयात नाहीत, म्हणून सांगते.

एका विधवेची पोत तारण होती. मुलाच्या आजारपणात ठेवलेली. मुदत संपून गेली, व्याज चढलं, तीन नोटिसा गेल्या आणि लिलावाची यादी फळ्यावर लागली. यादीत तिचं नाव सहावं होतं. आदल्या दिवशी ती शाखेत येऊन बाकावर बसून राहिली. काही मागितलं नाही, रडली नाही, नुसती बसली. दुपारी साहेबांनी मला आत बोलावून विचारलं, “बाकी किती?” मी खातं बघून सांगितलं : अकरा हजार आठशे चाळीस. मला वाटलं ते व्याज सोडून देतील, निदान तारीख पुढे ढकलतील. ते म्हणाले, “मी कसं सोडणार? पैसे ठेवीदारांचे आहेत. त्यातही अशा बायका आहेत.” मग ते केबिनमधून उठले, काउंटरच्या बाहेरच्या बाजूने फिरून रोखपालाच्या रांगेत उभे राहिले आणि पुढे दोन माणसं होती ती होईपर्यंत थांबले. जमा स्लिपवर खातं तिचं, नाव तिचं, नोटा त्यांच्या खिशातल्या. मला म्हणाले, “पाकीट काढा आणि बेबाकी दाखला करा. मी भरले म्हणून सांगायचं नाही.”

लाखेचं सील मी फोडलं. पोत हातात घेऊन ती बाई म्हणाली, “माफ केलं का हो?” मी हो म्हटलं. ती गेली तेव्हा तिच्या मनात माफी होती आणि खतावणीत भरणा होता. दोन्ही खरं होतं.

इंग्लंडमधल्या कँटरबरीचे आर्चबिशप अन्सेल्म हद्दपारीत इटलीतल्या एका खेड्यात राहत होते. तिथे 1098 मध्ये त्यांनी एक ग्रंथ पुरा केला. त्याचं लॅटिन नाव ‘कुर देउस होमो’. म्हणजे, देव माणूस का झाला? गुरुशिष्यांच्या संवादातला हा ग्रंथ मी वाचायला घेतला तेव्हा मला सारखी ती रोखपालाची रांग दिसत होती. अन्सेल्म म्हणतात की माणूस देवाचं देणं लागतो, ते पैशाचं नव्हे, मनापासूनच्या आज्ञापालनाचं आणि मानाचं. ते फेडायला हवं माणसानेच, कारण देणं त्याचं आहे. फेडण्याची ऐपत मात्र फक्त देवाची आहे. नुसतं सोडून द्यावं, तर झालेल्या अन्यायाला काही अर्थच उरत नाही. जिच्यावर अन्याय झाला तिला, काही झालंच नाही, असं सांगितल्यासारखं होतं. मग एकच वाट राहते. येणं असणाऱ्यानेच काउंटरच्या या बाजूला यायचं, देणेकऱ्याच्या रांगेत उभं राहायचं आणि त्याच्या नावावर भरायचं. देव माणूस झाला तो यासाठी.

उपमा इथवर चालते, पुढे चालत नाही. आमच्या साहेबांच्या डोक्यावर सहकार खातं होतं, लेखापरीक्षक होते, पोटनियम होते. देवाच्या डोक्यावर कोण आहे? अन्सेल्मनंतरच्या पिढीत पॅरिसच्या पीटर आबेलार यांनी असाच सवाल केला. निरपराधाच्या रक्ताने देवाचं समाधान व्हावं, हे त्यांना क्रूर वाटलं. त्यांनी भर दिला तो प्रेमावर. देव आपल्यासाठी इथपर्यंत येतो हे पाहून माणसाचं थिजलेलं मन वितळतं आणि तो परत फिरतो. सोळाव्या शतकात जॉन कॅल्व्हिन यांनी न्यायालयाची भाषा वापरली. ते कायदा शिकलेले होते. आमची सजा त्याने आमच्या जागी उभं राहून भोगली, हे त्यांचं सांगणं, आणि आमच्या मंडळीतले बहुतेक उपदेश आजही त्याच वळणाचे असतात. स्वीडनचे गुस्ताफ औलेन यांनी 1931 मध्ये इंग्रजीत आलेल्या आपल्या पुस्तकात आठवण करून दिली की पहिल्या हजार वर्षांत ख्रिस्ती लोक वधस्तंभाकडे मुख्यतः विजय म्हणून बघत, मरण आणि पाप यांच्या कैदेतून माणसाला सोडवणारी लढाई म्हणून. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्या अजूनही तशाच बघतात. नायसियाचा मतांगीकार, म्हणजे श्रद्धेचं कबुलीवचन, रोमन कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि आम्ही प्रॉटेस्टंट, सगळेच म्हणतो. येशू आपल्यासाठी, आपल्या तारणासाठी आला, तारणाबद्दल त्यात साधारण एवढंच आहे. ते कसं घडलं याचं एकच अधिकृत उत्तर कोणत्याही विश्वपरिषदेने आजवर ठरवलेलं नाही. मला हे योग्य वाटतं.

एक उत्तर मात्र मला मुळीच मान्य नाही, ते कितीही वेळा व्यासपीठावरून ऐकलं तरी : बाप रागावला होता, त्याचा राग शांत करायला त्याने पोराला मारलं. हे ख्रिस्ती शिकवणीलाच सोडून आहे. पिता आणि पुत्र हे वेगवेगळ्या मनांचे दोन देव नाहीत. प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलं ते असं की, ख्रिस्तामध्ये देव स्वतःच जगाशी समेट करत होता. रांगेत उभं राहायला साहेबांनी शिपायाला पाठवलं नव्हतं.

एकाने दुसऱ्याच्या जागी उभं राहणं हे निव्वळ धर्मशास्त्रातलं चित्र नाही. 1941 च्या जुलैअखेर आउशविट्झच्या छळछावणीत एक कैदी बेपत्ता झाला, म्हणून अधिकाऱ्याने बदल्यात दहा जणांना उपाशी मारण्यासाठी निवडलं. त्यातला फ्रान्सिशेक गायोव्हनिचेक हा पोलिश सैनिक बायकोमुलांच्या आठवणीने कळवळला. रांगेतून कैदी क्रमांक 16670 पुढे आला, मॅक्सिमिलियन कोल्बे नावाचा फ्रान्सिस्कन धर्मगुरू, आणि म्हणाला, याच्या जागी मला घ्या. दोन आठवड्यांनंतरही कोल्बे जिवंत होते, म्हणून 14 ऑगस्टला त्यांना कार्बोलिक ॲसिडची सुई टोचून मारलं. 1982 मध्ये रोममध्ये त्यांना संत म्हणून घोषित केलं, त्या सोहळ्याला गायोव्हनिचेक हजर होते. ते 1995 पर्यंत जगले. त्यांचे दोन्ही मुलगे मात्र युद्धाच्या शेवटी बॉम्बफेकीत मेले होते. ही शेवटची गोष्ट उपदेशात कुणी सांगत नाही. मला ती सांगावीशी वाटते. कुणी आपल्या जागी मेलं म्हणून आपल्या वाट्याचं दुःख संपत नाही. वाट्याला येतात ती वर्षं. ती जगायची कशी, हे त्या माणसाने ठरवायचं असतं. गायोव्हनिचेक उरलेलं आयुष्य गावोगावी जाऊन कोल्बेंची गोष्ट सांगत राहिले.

तारण झालं म्हणजे ते कळलंच, असंही नसतं. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे झाला. पण त्यानंतर आठ वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, असं त्यांनीच आपल्या साक्षीत लिहून ठेवलं आहे. वेदशास्त्रं कोळून प्यायलेली ती बाई, सिद्धान्त तिला काय अवघड होते? पण आपल्याला आधी लायक व्हावं लागत नाही, भरणा झालेला आहे, हे बुद्धीतून मनात उतरायला वेळ लागला. नंतर केडगावच्या आपल्या मुक्तिसदन या आश्रमात बसून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि खेड्यातल्या बाईला कळेल अशा साध्या मराठीत त्यांनी सबंध बायबल आणलं. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या. पुस्तक 1924 मध्ये बाहेर पडलं, मुक्तिसदनातल्याच मुली-बायकांनी खिळे जुळवून छापलेलं.

इथे एक सल सांगितल्याशिवाय राहवत नाही. नवऱ्याच्या माराने काळीनिळी झालेली बाई सल्ला मागायला आली तेव्हा ‘हा तुझा वधस्तंभ आहे, तो वाहा’ असं तिला सांगितलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. योहानाच्या शुभवर्तमानात येशू स्पष्ट म्हणतो की, माझा जीव कुणी माझ्यापासून हिसकावून घेत नाही, मी आपण होऊन देतो. जो आपण होऊन दिला तोच यज्ञ. हिसकावून घेतलं ती लूट. त्या बाईला मी घरी आणलं, जेवू घातलं आणि दुसऱ्या दिवशी पोलीस चौकीत घेऊन गेले. तिला सोडवणं हेच तिथे ख्रिस्ताचं काम होतं, असं मी आजही मानते.

ती नेवाशाची म्हातारी मार्गशीर्षात डोरलं सोडवायला आली. बाजरीचे पैसे रुमालात बांधलेले. या वेळी रांग नव्हती, आणि सहा महिने मनात घोळवलेलं उत्तर माझ्याकडे तयार होतं. म्हटलं, “आजी, तुम्ही मागं विचारलं होतं ना? त्याच्याकडे आपण काही ठेवायचं नसतं. आपणच गहाण पडलेले असतो. तो जवळचा माणूस म्हणून सोडवायला येतो आणि पदरचं भरतो.”

डोरलं गळ्यात अडकवता अडकवता तिने विचार केला. “मंग पावती?”

ख्रिस्ती उपदेशक याचंही उत्तर देतात. वधस्तंभावर येशूने उच्चारलेला एक ग्रीक शब्द तेव्हाच्या पावत्यांवर ‘पूर्ण भरणा’ या अर्थाने लिहीत, असं सांगतात. मला ते किती आवडलं असतं! पण त्याला भक्कम पुरावा नाही, असं अभ्यासक म्हणतात, म्हणून मी ते सांगत नाही. शब्दाचा अर्थ आहे ‘पुरं झालं’, तेवढा पुरे. पावती म्हणून त्याने कागद ठेवलाच नाही. मरणाच्या आदल्या रात्री त्याने भाकर मोडली, प्याला फिरवला आणि हे माझ्या आठवणीसाठी करत जा म्हणून सांगितलं. वसईला भाचीच्या सासरी मिस्साला, म्हणजे त्यांच्या उपासनेला, बसले की वेदीवर तोच एक यज्ञ रक्ताविना आपल्यापुढे येतो, असं कॅथलिक पाव्हणे समजावतात. 1562 मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने ते तशा शब्दांत मांडलं. आम्ही प्रॉटेस्टंट त्याला प्रभुभोजन म्हणतो आणि ‘एकदाच’ या शब्दावर जोर देतो. या फरकावरून युरोपात माणसं मेली. वसईच्या त्या घरात मात्र आम्ही एकाच ताटातलं खाल्लं.

आजीला मी म्हटलं, “पावती नाही, आजी. जेवण असतं.” तिला ते पटलं असावं. “जेवल्याबिगर समजत न्हाई,” म्हणाली आणि उठली.

आमच्या मंडळीत प्रभुभोजनाचा द्राक्षरस करायचं काम माझ्या आईकडे होतं. रेड्याच्या दिवशी उकिरड्याच्या कडेला बसलेल्या माणसाची ती सून. पवित्र गुरुवारच्या आदल्या रात्री ती काळ्या मनुका तीन पाण्यांनी धुऊन कल्हईच्या पातेल्यात भिजत घालायची. सकाळी त्या टपोऱ्या फुगत आणि पाणी गर्द होई. मग मंद आचेवर उकळी, निवल्यावर हाताने कुस्करणं, धुवट पंच्यातून गाळणं. पावाच्या कडा काढून नखाएवढे चौकोन करायची. एकशे चाळीस छोटे पेले ती मोजून भरायची आणि वर नेहमी चार जास्त. शेवटच्या बाकावर कोण येऊन बसेल सांगता येत नाही, म्हणायची. आई जाऊन नऊ वर्षं झाली. आता मनुका मी भिजवते. उरलेला चोथा ती अंगणातल्या डाळिंबाच्या बुडाशी घालत असे, मीही तिथेच घालते.